भार दिल्याशिवाय कळत नाही

"भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली."

साकोलीत हायवेला लागून गॅरेज असलं की हे वाक्य रोज कानावर पडतं. बोलणारा कधी टॅक्सीचा ड्रायव्हर असतो, कधी धानाची पोती लादलेल्या पिकअपचा मालक, तर कधी रायपूरहून नागपूरला निघालेल्या कुटुंबातला कर्ता माणूस. सपाटीवर गाडीची काही तक्रार नसते. कोहमारा ओलांडून देवरीच्या वाटेला लागलं की मासुलकसा घाटात ती दम सोडते. मागचा ट्रक हॉर्न मारत राहतो आणि ड्रायव्हर चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो.

दुसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक तरुण असतं. त्यानं मोठ्या शहरात जाऊन गाडीचं सॉफ्टवेअर बदलून घेतलेलं असतं आणि खिशात रंगीत आलेखाचा कागद असतो. "आधी एवढे घोडे होते, आता एवढे झाले जी," असं तो अभिमानानं सांगतो. या दोघांना जाणून घ्यायची असते ती गोष्ट एकच, इंजिनात शक्ती किती आहे. ते सांगणारं यंत्र म्हणजे डायनामोमीटर. आम्ही लोक त्याला नुसतं डायनो म्हणतो.

साकोलीला परतण्याआधीची माझी उमेदीची वर्षं याच यंत्रांच्या संगतीत गेली. आधी डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत, मग पुण्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर आणि त्यानंतर रोलरवर अख्ख्या गाड्या तपासणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. डायनोच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येक जात वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. आपला प्रश्न काय आहे हे न ठरवता आकडा घेतला, तर त्या आकड्याचा कामाला उपयोग होत नाही.

मी पाहिलेला पहिला डायनो दोरीचा होता. प्रयोगशाळेत किर्लोस्करचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, ५ अश्वशक्तीचं, १५०० आरपीएमवर चालणारं. इंजिनाच्या दांड्यावर लोखंडी ड्रम बसवलेला. ड्रमभोवती जाड दोरीचा वेढा. दोरीचं एक टोक वर स्प्रिंग बॅलन्सला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला वजनांचं तबक. इंजिन सुरू करून तबकात एकेक वजन टाकत जायचं. दोरी ड्रमला आवळत जाते, इंजिनाचा आवाज जड होतो, धुराचा रंग बदलतो. ड्रमची कड आतून पन्हाळीसारखी खोलगट असते आणि तिच्यात मगानं पाणी ओतावं लागतं. ड्रम फिरत असल्यामुळे ते पाणी सांडत नाही, आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि थोड्या वेळात वाफ होऊन उडून जातं. पाणी ओतायला उशीर झाला की दोरी करपल्याचा वास खोलीभर पसरतो.

वजन वाढवत वाढवत इंजिन पूर्ण भारावर आणलं की वही काढायची. तबकातलं वजन वजा स्प्रिंगचं वाचन म्हणजे दोरीवरचा खरा ओढा. समजा तो १६ किलो आला आणि ड्रमच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर ०.१५ मीटर आहे. दोन्हींचा गुणाकार २.४ किलोग्रॅम-मीटर, हा झाला टॉर्क. त्याला १५०० फेऱ्यांनी गुणून ७१६.२ ने भागलं की येतात ५.०३ मेट्रिक अश्वशक्ती. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेली पाच अश्वशक्ती समोर तबकात तोललेली पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की शक्ती थेट कोणी मोजत नाही. मोजायचा तो पिळा, मोजायचे ते फेरे, शक्ती त्या दोन्हींच्या गुणाकारातून निघते. पुढे कितीही महागडी यंत्रं हाताळली तरी हिशेब याच्यापलीकडे गेला नाही.

ही रीत जुनी आहे. जेम्स वॅटनं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याच्या कामाशी तुलना करून एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असं ठरवलं. फिरत्या दांड्यावर लाकडी पकड आवळून ती शक्ती मोजायचा ब्रेक फ्रान्समधल्या गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये केला. आजही आपण ब्रेक हॉर्सपॉवर म्हणतो, त्यातला ब्रेक हाच. इंजिनाला अडवल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही, हे तत्त्व त्या शब्दातच नोंदलेलं आहे. मोकळं सोडलेलं इंजिन कितीही गर्जलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

पुढे जहाजांची इंजिनं इतकी ताकदवान झाली की दोरी किंवा लाकडाची पकड क्षणभरही टिकेना. तेव्हा विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं १८७७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या इंजिनांसाठी पाण्याचा डायनामोमीटर मांडला. पुण्यात टेस्ट बेडवर लागलो तेव्हा ज्या यंत्राशी माझी गाठ पडली ते याच कुळातलं. आत वाट्यावाट्यांची एक चकती फिरते, समोर तशाच वाट्यांची स्थिर चकती असते आणि मधे पाणी. फिरती चकती पाणी घुसळून समोरच्या वाट्यांत फेकते. ते पाणी बाहेरच्या कवचाला आपल्यासोबत फिरवू पाहतं. कवच बेअरिंगवर मोकळं टांगलेलं असतं, पण त्याला एक दांडा जोडून तो दाब मोजणाऱ्या लोड सेलवर टेकवलेला असतो. कवचाला जेवढं फिरायचं असतं तेवढा दांडा लोड सेलवर दाब देतो आणि तोच टॉर्क. दोरीच्या जागी पाणी आलं आणि तबकाच्या जागी लोड सेल, बाकी मांडणी तीच.

मग इंजिनाची सगळी शक्ती जाते कुठे? डायनोच्या जाती समजून घ्यायच्या असतील तर हा प्रश्न धरून चालावं. पाण्याच्या डायनोत ती पाणी तापवण्यात जाते. १०० किलोवॉटचं इंजिन तासभर पूर्ण भारावर चालवलं तर ८६,००० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरते. पाणी २५ अंशांहून जास्त तापू द्यायचं नसेल तर तासाला साधारण साडेतीन हजार लिटर पाणी त्यातून फिरत राहावं लागतं. म्हणून टेस्ट सेलच्या मागे कूलिंग टॉवर असतो, मोठी टाकी असते आणि पंपावर नजर ठेवायला माणूस असतो. पाण्याचा दाब डगमगला की भार डगमगतो आणि पडद्यावरचा आकडा नाचू लागतो. हा डायनो दणकट आहे. मोठ्या ट्रकचं किंवा जनरेटरचं इंजिन त्याला दिवसभर दिलं तरी तो तक्रार करत नाही. पण भार चटकन बदलायला सांगितलं तर तो आपल्या चालीनं बदलतो.

चपळाई हवी असेल तर एडी करंट डायनो. यात दातेरी लोखंडी चकती फिरते आणि भोवतालच्या कॉइलमध्ये डीसी करंट सोडलेला असतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कवचाच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते चकतीला अडवतात. इथे शक्ती धातू तापवते आणि ती उष्णता पाणी वाहून नेतं. कॉइलचा करंट बदलला की भार लगेच बदलतो, त्यामुळे इंजिनाला २००० आरपीएमवर खिळवून ठेवा म्हटलं की तो खिळवून ठेवतो. त्याचं दुखणं म्हणजे फार कमी फेऱ्यांवर तो पुरेसं अडवू शकत नाही आणि जड पाण्यानं त्याच्या आतल्या वाटांत क्षार साचतात. बाहेर पडणारं पाणी ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही ताकीद आम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळाली होती. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत अपेक्स इनोव्हेशन्स ही कंपनी अशा डायनोसह इंजिन चाचणीचे संगणक जोडलेले संच बनवते. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं आज त्यांवर प्रयोग करतात. दोरी करपल्याचा वास त्यांच्या वाट्याला येत नाही, पण नोंदी किती तरी पटीनं नेमक्या मिळतात.

तिसरी जात एसी डायनो. तो मुळात मोटर आहे. अडवतो तेव्हा जनरेटर होऊन इंजिनाची शक्ती विजेच्या रूपात परत देतो, आणि गरज पडली तर उलट इंजिनालाच फिरवतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकं इंजिनाला फिरवतात तशी स्थिती या तिन्हींपैकी फक्त यावर आणता येते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषणाच्या मानकात जड वाहनांच्या इंजिनांना ३० मिनिटांची क्षणाक्षणाला बदलणारी चाचणी द्यावी लागते. तिच्यात भार सेकंदासेकंदाला चढतो, उतरतो, मधेच उलटतो. दोरीला किंवा पाण्याला हे जमणारं नाही. अर्थात एसी डायनोची किंमत आणि त्याच्यामागचा विजेचा पसारा मोठ्या कारखान्यांना आणि संशोधन संस्थांनाच परवडतो.

टेस्ट बेडवरचं मला सर्वांत आवडणारं काम कॅलिब्रेशनचं होतं. इंजिन बंद, खोलीत शांतता. डायनोच्या दोन्ही बाजूंना ठरावीक लांबीचे दांडे लावायचे आणि प्रमाणित वजनं एकेक करून टांगायची. प्रत्येक वजनाला पडद्यावरचा टॉर्क वाचून लिहायचा. सगळी वजनं चढवून झाली की उलट क्रमानं उतरवायची आणि उतरतानाची वाचनंही लिहायची. चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन जुळलं तर यंत्र निरोगी. उतरताना आकडा मागे रेंगाळला तर बेअरिंग कुठेतरी धरतंय, किंवा पाण्याचा पाइप कवचाला ओढतोय. आमचे फोरमन त्या पाइपांना हलकेच हात लावून बघायचे. एखादा पाइप ताठ असला तर पकड सैल करून तो पुन्हा बसवायचा आणि वजनं पहिल्यापासून टांगायची. एवढ्या तयारीनंतर आलेल्या आकड्याखाली सही करताना हात कचरत नसे.

टेस्ट बेडवर नुसतं इंजिन असतं. गिऱ्हाइकाची गाडी मात्र अख्खी येते आणि इंजिन काढून डायनोला जोडायला कोणी तयार होत नाही. तिथे चॅसिस डायनो कामाला येतो. गाडीची चालती चाकं जमिनीतल्या रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि गाडी जागच्या जागी पळवायची. मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथल्या रोलरवर दोन्ही तऱ्हांनी मोजता यायचं, त्यामुळे दोन जातींमधला फरक मला एकाच गाडीवर पाहायला मिळाला.

पहिली तऱ्हा इनर्शियाची. इथे अडवणारं काही नसतं, असतो तो फक्त जड पोलादी ड्रम. ड्रमच्या जडत्वाची मोजणी आधीच झालेली असते. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ड्रमचा वेग किती झपाट्यानं वाढतो ते यंत्रानं टिपायचं. त्यावरून गणितानं शक्ती निघते. इथे शक्ती उष्णतेत जात नाही, फिरत्या पोलादात साठते. यंत्र साधं, बिघडायला फारसं काही नाही, आणि त्याच गाडीचं वाचन पुन्हा पुन्हा जवळजवळ तेच येतं. म्हणून बदलाआधी आणि बदलानंतर अशी तुलना करायला ते छान. पण त्याच्या हिशेबात फक्त ड्रमचं जडत्व असतं. इंजिनाचं फ्लायव्हील आणि चाकं यांना वेग द्यायला लागलेली शक्ती त्यात धरली जात नाही. हलक्या रिम काढून जड रिम बसवल्या तर इंजिन तेच असूनही आकडा घसरतो. आणि सगळी धाव काही सेकंदांत आटोपते.

दुसरी तऱ्हा भाराची. रोलरच्या दांड्यावर एडी करंटचा ब्रेक असतो आणि तो गाडीला हव्या त्या वेगावर धरून ठेवतो. गाडी पूर्ण ताकदीनं ओढत राहते आणि वेग वाढत नाही. चढावर जे घडतं तेच.

एकदा एक डिझेल टॅक्सी आली. खंबाटकी घाटात माणसं भरून चढताना ताकद जाते, ही तक्रार. इनर्शियाच्या धावेत आलेख सुरेख आला, कमाल शक्तीही त्या वयाच्या गाडीला शोभेल अशी. मालक आलेखाकडे बघून गप्प झाला. यंत्र म्हणत होतं गाडी ठणठणीत आहे आणि घाटाचा अनुभव वेगळाच होता. वर्कशॉपच्या फोरमननी ब्रेक चालू करायला सांगितलं. चौथा गिअर, २००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण, आणि धरून ठेव. सुरुवातीला शक्ती पूर्ण दिसली. मग बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा काटा सावकाश खाली सरकू लागला आणि त्याच्यामागून शक्तीही. पंख्याच्या आवाजातून सूं असा बारीक आवाज येत होता. फोरमन वाकून कान देत इंटरकूलरच्या पाइपाशी गेले. क्लॅम्पच्या कडेखाली रबराला उभी चीर होती. गाडी थंड असताना किंवा दाब क्षणभरच असताना ती मिटलेली राहायची. रबर तापून मऊ झालं आणि दाब टिकून राहिला की उघडायची, आणि टर्बोनं दाबलेली हवा बाहेर जायची. पाइप बदलला, गाडी पुन्हा तशीच धरून ठेवली, काटा जागचा हलला नाही. मालकानं या वेळी आलेख मागितलाच नाही, ब्रेकवर धरलेली गाडी तो स्वतः बघत होता.

दोन्ही मोजण्या खऱ्या होत्या. इनर्शियाला आपण विचारलं होतं, "तुझी झेप किती?" भाराला विचारलं, "तू किती वेळ टिकतोस?" घाटात कामाला येतो तो दुसरा प्रश्न.

रोलरऐवजी थेट हबला जोडायचेही डायनो असतात. चाकं काढायची आणि हबवर हायड्रॉलिक किंवा विजेवर चालणारी अडवणूक बसवायची. टायर रोलरवर घसरणं, टायरमधली हवा कमी-जास्त असणं, पट्टा किती आवळला यानं आकडा बदलणं, या कटकटी त्यात संपतात. रोलरवर या गोष्टी खरोखर छळतात. पट्टा जास्त आवळला की टायर रोलरवर दबतो, फिरायला जड होतो आणि काही अश्वशक्ती तिथेच गडप होतात. हबच्या डायनोत जोडणीला वेळ जातो, पण वाचन स्वच्छ मिळतं.

आता त्या तरुणाच्या खिशातल्या कागदाकडे येऊ. तो बघताना मी पहिल्यांदा विचारतो, हा आकडा चाकावरचा की इंजिनाचा? कॅटलॉगमध्ये छापतात ती इंजिनाच्या दांड्यावरची शक्ती. चाकापर्यंत पोचताना गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर त्यातला वाटा खातात, गाडीगणिक १० ते २० टक्के. चाकावरच्या आकड्यात अंदाजानं टक्के मिळवून इंजिनाचा आकडा छापला असेल, तर तो मोजलेला राहत नाही. काही डायनोंवर धाव संपल्यावर क्लच दाबून गाडी आपोआप मंद होऊ देतात आणि त्यावरून ही गळती मोजतात. ती पद्धत अंदाजापेक्षा बरी.

दुसरं विचारतो, हवेची दुरुस्ती कोणती लावली? इंजिन हवा पितं आणि गरम हवा विरळ असते. आयएसओ १५८५ या मानकात संदर्भासाठी २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब धरला आहे. मे महिन्यात साकोलीत पारा ४५ वर असतो. त्या हवेत साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा मोजलेला आकडा नुसत्या तापमानापोटी सुमारे ४ टक्क्यांनी वाढवून लिहिला जातो. हे रास्त आहे, कारण त्याशिवाय मे आणि डिसेंबरमधल्या मोजण्यांची तुलनाच करता येणार नाही. पण तापमानाचा सेन्सर तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवला आणि ३५ अंशांच्या खोलीत तो ५५ दाखवू लागला, तर काहीही न करता आणखी ४ टक्के पदरात पडतात. शिवाय टर्बो डिझेलचं गणित वेगळं असतं. त्याला पेट्रोलची दुरुस्ती लावली की आकडा फुगतो.

तिसरं एककाचं. इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॉटची, मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे पीएस ७३५.५ वॉटची. ७५ पीएस आणि ७४ बीएचपी ही एकच शक्ती. आधीचा कागद बीएचपीत आणि नंतरचा पीएसमध्ये असेल तर बोनेट न उघडताही एक घोडा वाढलेला दिसतो. चौथं आणि शेवटचं, दोन्ही मोजण्या त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, तशाच तापलेल्या इंजिनावर झाल्या का? या चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर मी त्या कागदाला मान देतो. वेगळ्या गावातल्या, वेगळ्या बनावटीच्या दोन डायनोंचे आकडे शेजारी ठेवून कोणाची गाडी भारी हे ठरवणं मात्र मी कधीच मान्य केलं नाही.

चॅसिस डायनोचं आणखी एक काम आहे, ज्याचा फायदा गाडी घेणारा प्रत्येक जण नकळत घेतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था ज्या मायलेजच्या आकड्यासाठी घरोघरी माहीत झाली, तो आकडाही रोलरवरच मोजतात. तिथे कमाल शक्ती कोणी विचारत नाही. हवेचा रोध आणि टायरचं घर्षण गाडीला रस्त्यावर जेवढं अडवतील तेवढंच रोलरनं अडवायचं आणि ठरावीक वेगचक्र चालवून इंधन आणि धूर मोजायचा. रोलर तोच, विचारलेला प्रश्न निराळा.

साकोलीत माझ्याकडे डायनो नाही. गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी कागदावर एक हिशेब करून दाखवतो. समजा माणसांसकट १,४०० किलोची गाडी आहे आणि ५ टक्के चढ ताशी ६० किलोमीटरनं चढायचा आहे. चढामुळे मागे ओढणारं बल सुमारे ६८७ न्यूटन. टायरचं घर्षण आणि हवेचा रोध मिळून आणखी सुमारे ३०० न्यूटन. या सगळ्याला वेगानं गुणलं की येतात साधारण साडेसोळा किलोवॉट, म्हणजे २२ पीएस. हायवेवर वर्षानुवर्षं धावलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. त्याचा कॅटलॉगमधला आकडा ७५ पीएस, पण तो ४००० आरपीएमवरचा. टॉर्क १९० न्यूटन-मीटर, २००० आरपीएमवर. २००० फेऱ्यांवर त्याची शक्ती निघते सुमारे ५४ पीएस. घाटात ड्रायव्हर याच फेऱ्यांच्या आसपास असतो, ४००० वर कोणी जात नाही.

हा हिशेब मांडला की माणसाच्या लक्षात येतं. लागतात २२, आहेत ५४. तरी गाडी चढत नसेल तर पाचसात घोडे कमी झालेले नाहीत, निम्म्याहून जास्त शक्ती कुठेतरी अडली आहे. अशा गाडीला सॉफ्टवेअर बदलून दहा घोडे जोडण्यात अर्थ नाही. हवेचा पाइप, इंधनाचा फिल्टर, तुंबलेला सायलेन्सर, घसरणारा क्लच, चिकटलेला ब्रेक, यांतलं काहीतरी शोधायचं. मग मी ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, स्कॅनर जोडतो आणि गाडी देवरीच्या वाटेला काढतो. घाटात एकच गिअर, एकच वेग धरून बूस्ट, इंधनाचा दाब आणि हवेचं तापमान वाचत जातो. रस्ताच इथे भार देतो. अर्थात वाऱ्याची दिशा बदलते, मधे ट्रक येतो, आणि आजची नोंद उद्याच्या नोंदीशी काटेकोर जुळवता येत नाही. दोष बहुतेक वेळा सापडतो, पण "किती सुधारली" याचं उत्तर आकड्यात देता येत नाही.

हीच गोष्ट ट्रॅक्टरची. हा धानाचा मुलूख आहे. रोवणीआधी बांधीत चिखलणी करताना रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजारं फिरवणाऱ्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी. शोरूममध्ये शेतकऱ्याला सांगतात ती इंजिनाची एचपी. पीटीओपर्यंत पोचणारी शक्ती तिच्यापेक्षा कमी असते आणि चिखलात उपयोगी पडते ती हीच. मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या पीटीओला डायनो जोडून भाराखाली चाचणी होते आणि तिचे अहवाल जाहीर असतात. ट्रॅक्टर घेण्याआधी तो अहवाल बघा, असं मी ओळखीच्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. पीटीओचा डायनो चाकांवर बसवून गावोगाव नेता येतो. दोन-चार तालुक्यांत मिळून असा एक डायनो असला तर जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला केवढा आधार होईल.

डायनो घेण्याइतके पैसे साठले तर कोणता घ्यायचा, हे माझं ठरलेलं आहे. एसी डायनो आपल्या आवाक्यातला नाही आणि एका गॅरेजला त्याची गरजही नाही. पाण्याच्या डायनोला टाकी, टॉवर, पंप आणि जडपणा काढलेलं पाणी लागतं, आणि तो इंजिन सुटं काढून तपासणाऱ्यासाठी आहे. निव्वळ इनर्शियाचा रोलर स्वस्त पडेल, आलेख देखणा देईल, पण घाटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्याचा उपयोग अर्धाच. मला हवा तो जड रोलरला हवेनं थंड होणारा एडी करंट ब्रेक जोडलेला चॅसिस डायनो. त्याला पाणी लागत नाही. वीज मधेच गेली तर ब्रेक सुटेल, पण रोलरच्या वजनामुळे गाडी एकदम उधळणार नाही. झेपही मोजता येईल आणि टिकावही.

त्यासोबत कॅलिब्रेशनचे दांडे आणि प्रमाणित वजनं घेईन, आणि ती आठवड्याला टांगली जातील. माझ्याकडे आयटीआयची मुलं शिकायला येतात. त्यांना पहिला महिना आलेख काढू देणार नाही. आधी वजनं टांगायची, चढताना आणि उतरताना वाचनं लिहायची, टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार हातानं करायचा. गिऱ्हाइकाला जो कागद जाईल त्यावर शक्तीच्या आकड्यासोबत हेही छापलेलं असेल: चाकावर मोजली, अमुक गिअरमध्ये, अमुक तापमानाला, अमुक दुरुस्ती लावून, आणि २००० आरपीएमवर एक मिनिट धरून ठेवल्यावर एवढी उरली. घाट चढणाऱ्या माणसाला त्यातली शेवटची ओळ सगळ्यात आधी वाचायला शिकवीन.